हौद तापवायच्या तऱ्हा

१२ नोव्हेंबर, मंगळवार

ह्या घरात पाणी कसं तापवावं ह्यावर शिकलेली माणसं दिवाळीपासून बोलत बसली आहेत आणि माझा चहा रोज गार येतो. मी बोलले की सुरुची म्हणते, "अहो आई, मायक्रोवेव्हमध्ये ठेवा ना मिनिटभर." त्या पेटीत कप तापतो, चहा नाही. पण सून बँकेत मोठ्या जागेवर आहे, तिला कोण सांगणार.

नमस्कार राहिला. ही वही उत्कर्षाने दिली, माझ्या नातीने. म्हणाली, "आजी, तू लिहीत जा. तेवढाच घराला आराम." मी चौथी शिकले. अक्षर तेव्हा होतं तसंच आहे, कोंबडीच्या पायासारखं.

तर हौद. माझा मुलगा सलिल आम्हाला शनिवार पेठेतून ह्या बावधनच्या बंगल्यात घेऊन आला, तेव्हा मागच्या अंगणात हा हौद आयता मिळाला. हे लोक त्याला पूल म्हणतात. पूल नदीवर असतो. इतकी वर्षं त्यात नुसता पाला पडला. ऑगस्टात चांदणी चौकात उत्कर्षाच्या गाडीला टेंपोने उडवलं. कंबर आणि मांडी, दोन्ही मोडल्या. आत सळया आहेत. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी कोमट पाण्यात चालवा, पाण्यात वजन पडत नाही. गार पाणी चालणार नाही, स्नायू आखडतील. हा हिवाळा हातचा गेला तर पोरगी कुबडीवरच राहील, असंही म्हणाले. हे तिच्यासमोर नाही म्हणाले. मी दाराआड उभी होते.

वीस वर्षांची आहे ती. म्हणून हौद तापवायचा आहे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पहिली तऱ्हा ऊन. सलिलने गच्चीवर काळ्या नळ्यांच्या चटया अंथरल्या. पाणी वर जातं, उन्हात तापतं, खाली येतं. रात्री हौदावर फुगे फुगे असलेलं प्लास्टिक पसरायचं, म्हणजे ऊब उडत नाही. सलिलने लॅपटॉपवर तक्ता केला. कशाने किती तापेल, किती वेळात, किती टिकेल.

मी विचारलं, "शेजारी अकरा मजली इमारत झाली आहे, ती दिसली का तुला?"

"आई, सगळं कॅल्क्युलेट केलंय."

उन्हाने गच्चीवर पाय ठेवला तेव्हा माझं जेवण उरकलं होतं आणि चारला सावली परत आली. गणितात इमारत धरली नव्हती.

२४ नोव्हेंबर, रविवार

दुपारी पाणी बरं लागतं. सकाळी पुन्हा विहिरीसारखं. व्यायाम शिकवणारी बाई सकाळीच येते, तिला दुसरीकडे जायचं असतं. काल उत्कर्षाला वासंतीने उचलून पाण्यात उतरवलं. दोन पावलं झाली, ओठ निळे पडले, बाहेर काढलं. पोरगी रडली नाही. मला ते आवडलं नाही. रडणारं माणूस कळतं तरी.

वासंती म्हणजे मदतीला ठेवलेली बाई. वाशीमकडची. नवरा संपत, मार्केट यार्डात हमाल. अंगाने काटक आहे, उत्कर्षाला दुरडीसारखी उचलते. बोलते फार. "आजी, आमच्याकडं थंडी म्हंजे काय सांगू तुमाले." मी म्हटलं, सांगू नको, भांडी घास. तर हसते. अपमान कळत नाही म्हणून हसते की कळतो म्हणून, ते अजून ठरलं नाही.

१ डिसेंबर, रविवार

दुसरी तऱ्हा वीज. हीटर लावला, घरातले दिवे गेले. पुन्हा लावला, पुन्हा गेले. सुरुचीने सलिलला सगळ्यांदेखत सांगितलं, "माझी मुलगी ज्या पाण्यात उतरणार त्यात मी वायर घालू देणार नाही. विषय संपला." लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तिचं एक वाक्य मला पहिल्यांदा पटलं. तिला सांगितलं नाही.

मग जयसिंग आला. हा हौदांची यंत्रं विकतो. गळ्यात साखळी, हातात दोन फोन. मला मावशी म्हणाला. तिसरी तऱ्हा त्याने आणली, हीट पंप. हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो.

मी म्हटलं, "डिसेंबरात हवेत कुठली उष्णता?"

"असते मावशी, आपल्याला लागत नाही एवढंच."

"मग तुझ्या यंत्रालाच लागते होय?"

सलिल म्हणाला हेच सगळ्यात उत्तम, सावकाश तापवतं पण रात्रंदिवस टिकवतं. आज मागणी दिली. यायला जानेवारी निम्मा होईल. तोवर काय, तर जयसिंगकडे चौथी तऱ्हा आहे. गॅसचं यंत्र. बंद पडलेल्या कुठल्याशा क्लबातून काढलेलं. रात्रीत हौद तापवतं म्हणे.

६ डिसेंबर, शुक्रवार

तापवलं. हे मानलं. सकाळी हात घातला तर बाळाच्या अंघोळीसारखं पाणी.

आमच्या पेठेतल्या न्हाणीत तांब्याचा बंब होता. लग्न होऊन आले त्या दिवसापासून तो मी पेटवला. गोवऱ्या, ढलप्या, नारळाच्या शेंड्या. धुराने डोळे चुरचुरायचे, पदर नाकाला लावून बसायचं. ह्या यंत्राला धूर नाही, वास नाही, राख नाही. निळी ज्योत, बस. चांगल्या वस्तूत दोष काढायची मला सवय आहे, पण काही सापडला नाही.

उत्कर्षा पाण्यात दांडी धरून उभी राहिली. उभी, म्हणजे कोणी न धरता.

९ डिसेंबर, सोमवार

वाऱ्याने ज्योत विझते. यंत्र भिंतीबाहेर उघड्यावर आहे. दोन सकाळी पाणी गार निघालं. पोरीने भिंतीकडे तोंड करून घेतलं.

सलिलने हौदावर ऊब कोंडायला पांढऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यांचा मांडव घातलेला आहे, चारी बाजूंनी बंद, एक दार, वर दोन झरोके. आज त्याने माणसं बोलावून यंत्र त्या मांडवात आणलं. सिलेंडर बाहेर, यंत्र आत. त्यावर लाल कागद चिकटवलेला आहे, इंग्रजीत. मी विचारलं काय लिहिलंय.

"उघड्यावर बसवा म्हणून. कंपनीवाले सगळ्यावर काही ना काही लिहितात, आई. महिनाभराचा तर प्रश्न आहे."

त्याने इंजिनियरिंग केलं आहे. मी चौथी.

यंत्रावर नजर ठेवायला वासंती आता उजाडायच्या आधी येते. पेटवते आणि आतच बसते.

१४ डिसेंबर, शनिवार

आज मांडवात गेले. झरोक्यांतून असा वारा येत होता की माझं डोकं धरलं. ओल्या अंगाची पोर, हाडं जुळायची आहेत, आणि वर हे उघडं. बाळंतिणीच्या न्हाणीला आम्ही सुईएवढी फट ठेवत नव्हतो. दाराखाली चिंध्या, खिडकीला गोधडी. सुरुचीचं बाळंतपण मी तसंच केलं. तेव्हा ती कुरकुरली होती, पण वाताचा त्रास झाला का तिला कधी? नाही.

माझी जुनी हिरव्या लुगड्याची गोधडी फाडली. वासंतीला स्टुलावर चढवलं, मी खालून तुकडे दिले. दोन्ही झरोके आणि दाराखालची फट, सगळं गच्च.

वासंती म्हणाली, "आजी, आता कशी माहेरच्या खोलीवाणी ऊब झाली पहा."

संध्याकाळी सलिलने पाण्यात काचेची नळी बुडवून पाहिली. वर बघितलं, चिंध्या दिसल्या. "बरं केलंस आई. एवढ्यानेच फरक पडला." तक्त्यात काहीतरी लिहिलं. मुलाने शाबासकी दिली हे वहीत असावं, वारंवार होत नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

उत्कर्षाला पाण्यातून निघाल्यावर मळमळतं. पित्त. रिकाम्या पोटी ती काळी कॉफी पिते, दुसरं काय होणार. आमसुलाचं सार दिलं. अंगणात खुर्चीवर बसली, तासाभरात बरी झाली. सारच ते.

वासंतीचं डोकं दुखतं. सुंठ उगाळून दिली.

२३ डिसेंबर, सोमवार

वासंतीचं डोकं पुन्हा दुखायला लागलं. मी विचारलं, "काल काय केलंस?"

"काल सुट्टी होती ना आजी. काल नाई दुखलं. घरी बरं वाटते मले."

रविवारी दुखत नाही, सोमवारी दुखतं. असलं डोकं मला चांगलं माहीत आहे. माझ्या धाकट्या दिराचं शाळेच्या दिवसांत तसंच दुखायचं. मी तिला तसं तोंडावर सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "तसं नाई जी." आणि यंत्राजवळ जाऊन बसली.

२७ डिसेंबर, शुक्रवार

उत्कर्षा आज हौदाच्या ह्या काठापासून त्या काठापर्यंत चालली. दांडी न धरता. वासंती पाण्यात तिच्यासमोर उलटी चालत होती, दोन्ही हात पुढे, हातही न लावता. "या, या, ताई, या. अजून थोडकं." व्यायामवाली बाई टाळ्या वाजवायला लागली. सुरुची बँकेत न जाता दारात उभी राहून रडली. सलिल फोनवर चित्र काढत काठाने तिच्याबरोबर पळत होता, चित्र काही धड आलं नसणार.

मी आत जाऊन शिरा केला. वासंतीला वाटीभर दिला. तिने दोन घास खाल्ले, म्हणे जात नाही. गाल मात्र लालबुंद झाले आहेत तिचे. गरम पाण्याने रंग उजळला. मी म्हटलं, "आमच्याकडे येऊन गोरी झालीस." म्हणाली, "संपत भी तेच म्हणते."

३ जानेवारी, शुक्रवार

कडाक्याची थंडी. बोटं वळत नाहीत, अक्षर आज आणखी घाण येणार.

सकाळी वासंती मांडवाच्या दारात उभी. "आजी, दार जरा उघडं ठेवू का? आत गरगरते मले."

मी म्हटलं, "ठेव की. सिलेंडर जाळून सगळ्या बावधनला ऊब वाट."

तिने दार ओढून घेतलं. चिंधी पायाने सारखी केली.

६ जानेवारी, सोमवार

वासंती गेली.

८ जानेवारी, बुधवार

सगळं नीट लिहायचं आहे. मागेपुढे करणार नाही.

सोमवारी ती नेहमीसारखी आली, मांडवात गेली. उत्कर्षा उठायला तयार नव्हती, पांघरुणातून म्हणत होती, "आजी, पाचच मिनिटं." मी तिला आळशी म्हटलं. तिने उशी डोक्यावर घेतली. ती वेळेवर उठली असती तर आज दोन नावं लिहिली असती.

मी चहा केला. मागच्या दारातून हाक मारली, "वासंती, चहा ने." उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. मग म्हटलं, झोपली असेल उबेला, बसल्या जागी पगार. कप झाकून ठेवला. मी उठून गेले नाही. अंगण ओलांडायला थंडी वाजत होती. आणखी एकदा हाक मारली ती मांडवाकडे बघून नाही, कपाकडे बघून मारली. चहावर साय धरली तेव्हा राग आला आणि त्या रागाने गेले.

दार लावलेलं. आत छान ऊब. निळी ज्योत. वासंती यंत्राशेजारी पाटावर, भिंतीला टेकून, हौदाकडे तोंड. गाल लाल. मला वाटलं ही झोपलीच. मी खांदा हलवला.

सलिल धावत आला, तिला ओढून बाहेर काढलं, छाती दाबत राहिला. रुग्णवाहिका आली. त्यांनी छाती दाबली नाही.

डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या जागेत गॅस जळला की एक वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला डोकेदुखी, मळमळ, मग गुंगी. उघड्या हवेत गेलं की बरं वाटतं. डॉक्टरने विचारलं, "ह्या बाईंना सुट्टीच्या दिवशी बरं वाटायचं का?"

बाकीच्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

बंबाने निदान डोळ्यांत पाणी आणलं असतं.

१० जानेवारी, शुक्रवार

सोमवारी पोलीस यायच्या आधी सलिल स्टुलावर चढला आणि झरोक्यांतले तुकडे उपसून काढले. मला हे आज कळलं, म्हणजे दिसलं. मागच्या दोरीवर हिरव्या लुगड्याचे तुकडे वाळत होते. सुरुचीने धुतले. विचारलं तर म्हणाली, "आई, टाकून कसे द्यायचे, कोणी बघितलं तर?" मग धुऊन दोरीवर का घातले ते तिलाही सांगता आलं नाही. तिचे डोळे सुजलेले आहेत. मी तुकडे उतरवून घडी केली आणि माझ्या ट्रंकेत ठेवले.

जयसिंग आला होता. आज मावशी नाही म्हणाला. "साहेब, मी यंत्र बाहेर लावून दिलं होतं. तुम्ही आत नेलंत तेव्हा मी फोनवर सांगितलं, निदान झरोके उघडे ठेवा." सलिल खाली बघत होता. म्हणजे त्याला माहीत होतं. झरोके उघडे ठेवायचे हे त्याला माहीत होतं आणि तो मला बरं केलंस म्हणाला.

पोलिसांना त्याने सांगितलंय की झरोके तिनेच बुजवले असावेत, तिला थंडी फार वाजायची.

वाशीमची थंडी बघितलेल्या बाईला.

मी त्याला म्हटलं, "सलिल, गोधडी माझी होती."

"आई, तू ह्यात पडू नकोस. तुझं वय काय. तुला चौकशीला नेतील. मी बघतो." आणि मग हळू आवाजात, "तिला आता काय फरक पडणार आहे?"

मी त्याला लहानपणी फार मारलं नाही. मारायला हवं होतं असंही म्हणत नाही. नुसतं लिहिते.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत झाली. तिळगूळ कोणी केला नाही.

आज हीट पंप आला. मोठं खोकं, दोन माणसांनी ढकलत आणलं. आणणाऱ्याने कागदावर सही मागितली, सलिलने केली. खोकं गाडीच्या जागेत उभं आहे. मांडव त्यांनी काढून टाकला. हौद उघडा, पाणी बर्फ, त्यात शेजारच्या इमारतीची सावली.

व्यायामवाली बाई म्हणाली, आठ-दहा दिवस असेच गेले तर मिळवलेलं सगळं जाईल. उत्कर्षाचा पाय पुन्हा आत वळायला लागला आहे. मला दिसतं.

सलिल तिला म्हणाला, "परवापर्यंत पाणी गरम होईल बेटा. हा एकदम सेफ आहे."

"मी नाही उतरणार, बाबा."

"हट्ट करू नकोस."

"संपतदादांना कोणी सांगितलं का, चिंध्या कोणी लावल्या?"

सलिल खोलीतून निघून गेला. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं माहीत आहे. ती रोज त्या झरोक्यांखाली पाण्यात होती, वर बघत. मी म्हटलं, "मी लावल्या."

"मला माहीत आहे, आजी. मला नको सांगू. त्यांना सांग."

पोरगी आता रडली. बराच वेळ. मी तिथेच बसले, पाठीवर हात वगैरे फिरवला नाही, मला ते जमत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

वासंतीचं दहावं झालं, आणि संपत आज आला. फाटकाबाहेर उभा. आत या म्हटलं तर आला नाही. डोकं भादरलेलं, खांदे हे एवढे, आवाज मात्र आत गेलेला. सलिल फाटकाशी गेला. मी ओट्याशी होते, खिडकी उघडी होती.

संपत म्हणाला, "साहेब, पोलीस म्हंते वासंतीनंच झरोके बुजवले. ती मले सांगे, आजीनं आपली गोधडी फाडून सगळीकडून बंद केलं, वारा लागू नये म्हणून. लय कवतिक करे. म्हणे म्हातारी तोंडाची वाईट हाय, पर माया करते." "मग खरं काय, तेवढं सांगा. पोराले सांगा लागते मले. त्याच्या मायनं सोताच केलं म्हणून सांगू का?"

सलिल म्हणाला, "चौकशी चालू आहे, संपत. मी आत्ता काही बोलू शकत नाही." खिशातून पाकीट काढलं. संपतने त्या पाकिटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "उद्या येतो. पोराले आन् घरच्यांले घेऊन येतो. उद्या सांगा."

मी खिडकीतून बोलले नाही. हाक मारायला दार उघडावं लागतं, आणि माझा हात कडीवर होता, तरी बोलले नाही. कपाकडे बघून हाका मारणारी बाई मी. ते आज पुन्हा झालं. तिसऱ्यांदा होणार नाही.

जेवायच्या टेबलावर सगळे बसले तेव्हा मी ट्रंकेतल्या घड्या आणून मध्ये ठेवल्या, वरणाच्या पातेल्याशेजारी. सुरुची म्हणाली, "अहो आई, इथे कशाला." सलिलने ताट सरकवलं.

मी म्हटलं, जेवा आणि ऐका.

उद्या संपत येईल. फाटक मी उघडणार, त्याला आणि त्याच्या माणसांना आत बसवणार, आणि चहा सुरुची करेल, गरम. उत्कर्षा तिथे बसेल, पण तिला कोणी काही विचारायचं नाही. जयसिंगला बोलवायचं नाही. वकिलाला नंतर. पाकीट खिशातून बाहेर निघता कामा नये. ह्या चिंध्या मी माझ्या मांडीवर घेऊन बसेन, आणि फटी कोणी बुजवल्या ते मी सांगेन. पोलिसांतही मीच जाईन, माझं वय मला माहीत आहे.

पण यंत्र आत कोणी आणलं, झरोके उघडे ठेवायचे हे कोणाला माहीत होतं आणि मेलेल्या बाईच्या नावावर कोणी ढकललं, हे तो विचारेल. ते मी सांगणार नाही. सलिल, त्याचं उत्तर तू द्यायचं. उभं राहून द्यायचं, आणि त्याच्या पोराकडे बघून.